अगारची प्लेट आधी, संगणक नंतर: सूक्ष्मजीवशास्त्रात नव्याने येणाऱ्यांसाठी

संशोधनासाठी नव्याने लॅबमध्ये येणारी मुलं मला हमखास विचारतात, की सगळं काम सिक्वेन्सिंगवर (डीएनएचा क्रम वाचण्यावर) आणि संगणकावर होत असताना मीडिया (अगारच्या प्लेटवरचं सूक्ष्मजीवांचं खाद्य) बनवणं, स्ट्रीकिंग (जिवाणू प्लेटवर रेघा ओढून पसरवणं) करणं शिकायचं कशाला? मी दरवेळी आग्रहाने सांगते, की आधी तेच शिका.

2015 साली समुद्रतळाच्या गाळातल्या डीएनएवरून लोकिआर्किया हा सूक्ष्मजीवांचा गट ओळखला गेला. केंद्रक असलेल्या पेशींमध्येच असतात असं वाटणारी काही जनुकं त्यांच्यात सापडली आणि आपल्या पेशींच्या उगमाची चर्चा नव्याने पेटली. मात्र तो जीव प्रत्यक्ष कोणीच पाहिला नव्हता. इकडे जपानमध्ये हिरोयुकी इमाची आणि त्यांचे सहकारी 2006 पासूनच, म्हणजे या गटाला नाव मिळण्याच्याही आधीपासून, खोल समुद्रातला गाळ मिथेन पुरवत बायोरिअ‍ॅक्टरमध्ये, म्हणजे सूक्ष्मजीव वाढवायच्या पात्रात, सांभाळत होते. त्यातूनच या गटातला पहिला जीव कल्चरमध्ये आला, म्हणजे लॅबमध्ये वाढवता आला, आणि 2020 मध्ये तो पेपर प्रसिद्ध झाला. ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. या जीवाला त्यासाठी 14 ते 25 दिवस लागतात, आणि तो वाढतो तोही जोडीदार सूक्ष्मजीवाच्या सोबतीनेच. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पेशीतून निघालेले लांब, फांद्या फुटलेले धागे दिसले. नुसत्या जनुकक्रमावरून ते कोणाला दिसले नसते. हा पेपर नवख्याने पूर्ण वाचावा, आणि त्यातही पद्धतींचा भाग आधी वाचावा.

‘मातीतले बहुतेक जिवाणू प्लेटवर वाढतच नाहीत’ हे वाक्य पहिल्याच वर्षी कानावर पडतं, आणि पुष्कळ जण तिथेच थांबतात. आयचिप हे मातीतच जिवाणू वाढवायचं उपकरण बनवणारे थांबले नाहीत. माती इतकी पातळ करायची की एकेका छिद्रात साधारण एकच पेशी यावी, दोन्ही बाजूंनी पातळ पडदा लावायचा आणि ते उपकरण पुन्हा मातीतच ठेवायचं. पोषकद्रव्यं पडद्यातून झिरपत आत जातात, पेशी मात्र बाहेर पडत नाही. याच मार्गाने हाती आलेल्या जिवाणूपासून टेक्सोबॅक्टिन हे प्रतिजैविक मिळालं. तेही 2015 सालीच.

तुम्हाला उद्याच वापरता येईल अशी एक गोष्ट सांगते. फॉस्फेट आणि अगार एकत्र ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) केले तर मीडियात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि कॉलन्या (प्लेटवर दिसणारे जिवाणूंचे ठिपके) कमी येतात, हे 2014 मध्ये एका जपानी गटाने दाखवलं. दोन्ही वेगवेगळे ऑटोक्लेव्ह करून मग मिसळले की फरक पडतो. इतकी वर्षं रोजच्या कृतीतच दडलेली ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मातीच्या प्लेटा तर दोन दिवसांत टाकून देऊच नका. त्या सुकणार नाहीत अशा ठेवा आणि काही आठवडे पाहत राहा. उशिरा उगवणाऱ्या बारीक कॉलन्यांतच बहुधा नवं काही असतं.

संगणक शिकायचाच आहे, त्याला पर्याय नाही. लिनक्सची कमांड लाइन आणि आर किंवा पायथन यांपैकी एक भाषा सुरुवातीला पुरे. एनसीबीआय या अमेरिकी संस्थेच्या संकेतस्थळावरचा जनुकक्रमांचा डेटा फुकट मिळतो. एखाद्या पेपरचा डेटा उतरवून त्यांची आकृती आपली आपण काढून पाहा, तासाभराच्या व्याख्यानापेक्षा त्यातून जास्त कळतं.

पण सिक्वेन्सिंगचा निकाल वाचताना कंट्रोल (तुलनेसाठी नमुन्याशिवाय केलेली चाचणी) कुठे आहे ते आधी शोधा. गर्भाच्या वारेत स्वतःचे जिवाणू राहतात, असा दावा 2014 मध्ये झाला आणि त्यावर भराभर पेपर आले. 2019 च्या मोठ्या अभ्यासात दिसलं, की नमुन्यांतला बहुतेक जिवाणूंचा डीएनए प्रयोगासाठी वापरलेल्या रसायनांतून किंवा प्रसूतीच्या वेळच्या संपर्कातून आलेला होता. डीएनए काढण्याच्या किटमध्येही जिवाणूंचा डीएनए असतो. म्हणून नमुना न घालता, बाकी सगळं तसंच करून एक रिकामी नळी प्रत्येक खेपेला चालवा आणि तीही सिक्वेन्सिंगला पाठवा. पैसे वाचवायला ती गाळा, असं कोणी सुचवलं तरी गाळू नका.

लॅब निवडताना गाइडच्या पेपरांची संख्या मोजण्यापेक्षा तिथल्या सीनियरना दोन प्रश्न विचारा: ग्लिसरॉल स्टॉक (ग्लिसरॉलमध्ये गोठवून जपलेले जिवाणू) उणे 80 अंशांवर नीट नोंदी करून ठेवलेत का, आणि सावकाश वाढणाऱ्या कल्चरला इथे किती वेळ देतात?