बारावीनंतर कॉलेज सुरू होण्याआधी : कागदपत्रे, लॅपटॉप आणि पालकांचे काम

बारावीचा निकाल लागला की अनेक घरांत पहिली मोठी खरेदी लॅपटॉपची होते आणि माझ्या मते तिथेच क्रम चुकतो. मुलाला कोणते कॉलेज आणि कोणती शाखा मिळणार, कॉम्प्युटर की सिव्हिल, हे महाराष्ट्रात सीईटी सेलच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाच्या, कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेऱ्या पार पडेपर्यंत नक्की होत नाही. आणि चार वर्षे वापरायचे यंत्र कसे असावे हे त्या उत्तरावरच ठरते. म्हणून निकाल आणि कॉलेजचा पहिला दिवस यांच्यामधल्या काळात आधी कागदपत्रे, मग बँक आणि मोबाइल, आणि लॅपटॉप सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवावा. ही कामे पालकांनी परस्पर उरकून टाकू नयेत. अर्ज मुलाने किंवा मुलीने स्वतः भरावा आणि पालकांनी शेजारी बसून तपासावा, कारण पुढची चार वर्षे परीक्षा अर्ज, शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाचे अर्ज त्यांनाच भरायचे आहेत.

कागदपत्रे

सुरुवात नावापासून करावी. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, आधार कार्डावर बहुधा शेवटी. त्यात इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर कमी-जास्त असले की पुढे शिष्यवृत्तीच्या अर्जात अडचण उभी राहते. दहावीची गुणपत्रिका प्रमाण मानून आधार आणि बँक खाते तिच्याशी जुळवून घ्यावे. मुलाच्या आधारला अनेकदा वडिलांचाच मोबाइल क्रमांक जोडलेला असतो. मूल पुण्याच्या वसतिगृहात बसून अर्ज भरत असते, ओटीपी मात्र सांगलीत शेतावर असलेल्या वडिलांच्या फोनवर येतो. आधार केंद्रात जाऊन मुलाचा स्वतःचा क्रमांक जोडून घ्यावा आणि वयाच्या १५ व्या वर्षी करायचे बोटांच्या ठशांचे नूतनीकरण राहिले असेल तर तेही त्याच वेळी करून टाकावे.

राखीव प्रवर्गातून प्रवेश घ्यायचा असेल तर जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र ही दोन वेगळी कागदपत्रे आहेत, हे पक्के लक्षात असू द्यावे. दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, वैधता मात्र पडताळणी समिती देते, आणि तिच्यासाठी वंशावळ व वडिलांकडच्या नातेवाइकांचे जुने शाळेचे किंवा महसुली पुरावे लागतात. इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा आणि विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. असा पुरावा गावच्या शाळेच्या रजिस्टरमधून काढायला वेळ लागतो, म्हणून हे काम अकरावीतच सुरू करावे. निकालानंतर धावपळ करणाऱ्यांची संख्या दर वर्षी मोठी असते. नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते, तेव्हा कपाटातले जुने प्रमाणपत्र चालेल असे गृहीत न धरता त्यावरची तारीख पाहावी.

उत्पन्नाचा दाखला सर्वच प्रवर्गांतल्या पालकांनी तहसील कार्यालयातून किंवा सेतू केंद्रातून वेळेवर काढून ठेवावा. २०२४-२५ पासून राज्यात वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो; व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला हा लाभ मिळत नाही. कोटा ठरवतानाच हा हिशेब मांडायला हवा, नंतर नाही.

शाळा सोडल्याचा दाखला कॉलेजात जमा करण्याआधी त्याच्या साक्षांकित प्रती आणि स्वच्छ स्कॅन करून ठेवावेत. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका मात्र कॉलेजला ठेवून घेता येत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार मूळ प्रमाणपत्रे पडताळून विद्यार्थ्याला परत द्यायची असतात. कोणी ठेवून घेऊ लागले तर या अधिसूचनेचा उल्लेख शांतपणे, पण लेखी स्वरूपात करावा.

बँक आणि मोबाइल

इथे फार काही नाही, पण जे आहे ते चुकवू नये. मूल लहान असताना पालकांच्या देखरेखीखाली उघडलेले अज्ञान खाते ते १८ वर्षांचे झाले की नव्याने केवायसी आणि नवी सही देऊन बदलून घ्यावे लागते, अन्यथा ऐन शुल्क भरण्याच्या दिवशी व्यवहार अडतात. महाडीबीटीची, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलची, रक्कम आधारशी संलग्न असलेल्या खात्यातच जमा होते. खाते आहे एवढे पुरेसे नसते, आधार त्याच खात्याशी जोडला आहे का हे बँकेत विचारून खात्री करावी. मासिक खर्चाची रक्कम ठरवून महिन्याच्या सुरुवातीला एकदाच द्यावी. मागेल तेव्हा पाठवत गेल्यास मुलाला हिशेब जमत नाही.

लॅपटॉप

शाखा नक्की झाल्यावर पहिला प्रश्न हा, की पहिल्या वर्षी लॅपटॉप खरोखर लागणार आहे का. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला पुस्तके आणि शवविच्छेदन पुरते, तिथे साधा टॅबलेटही चालतो. कला शाखेला लेखन, वाचन आणि सादरीकरणे एवढेच काम असते. वाणिज्य शाखेत टॅली आणि एक्सेल येते. या सर्वांसाठी ८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुष्कळ झाला. कॉम्प्युटर आणि आयटीच्या मुलांना मात्र १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी घ्यावी, कारण व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आत चालणारा दुसरा आभासी संगणक) आणि अँड्रॉइडचा इम्युलेटर (पडद्यावरचा आभासी फोन) चालवताना ८ जीबी तोकडी पडते. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड त्यांना सहसा लागत नाही. ते लागते वास्तुकलेच्या आणि थ्रीडी आरेखन करणाऱ्या मुलांना.

याच ठिकाणी मॅकबुकचा आग्रह तपासून पाहावा. यंत्र उत्तम आहे, बॅटरी दीर्घकाळ टिकते, परंतु सॉलिडवर्क्स, रेव्हिट आणि थ्रीडीएस मॅक्स ही आरेखनाची सॉफ्टवेअरे विंडोजवरच चालतात. मेकॅनिकल, सिव्हिल किंवा वास्तुकलेच्या विद्यार्थ्यासाठी म्हणून तो पर्याय गैरसोयीचा आहे. स्नॅपड्रॅगन चिपचे नवे विंडोज लॅपटॉप घेण्याआधीही अभ्यासक्रमातली सॉफ्टवेअरे त्यांवर चालतात का, हे विचारावे. सर्वांत खात्रीचा सल्ला त्याच कॉलेजातल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडून मिळतो. प्रयोगशाळेत कोणते सॉफ्टवेअर वापरतात हे त्याला दुकानदारापेक्षा नक्कीच अधिक ठाऊक असते.

प्रोसेसरच्या नावाला भुलू नये. चार पिढ्या जुना आय ७ हा ताज्या आय ५ पेक्षा मागे पडू शकतो, म्हणून पिढी पाहावी आणि शेवटचे अक्षरही पाहावे : यू असेल तर कमी वीज आणि जास्त बॅटरी, एच असेल तर जास्त ताकद, जास्त उष्णता आणि जड चार्जर. रोज बसने किंवा लोकलने जाणाऱ्या मुलाच्या पाठीवर दीड किलोचे यंत्र आणि अडीच किलोचे यंत्र यांत फरक पडतो. गेमिंग लॅपटॉप घेताना चार्जरचे वजनही त्यात मिळवावे. पडदा फुल एचडी आणि आयपीएस (बाजूनेही स्पष्ट दिसणाऱ्या) प्रकारचा असावा. रॅम बोर्डवर पक्की जोडलेली आहे की मोकळी खाच आहे, हे विचारल्यास पुढे वाढवता येईल की नाही ते कळते. किमती सतत बदलतात, त्यामुळे आकडा मनात धरून दुकानात जाण्यापेक्षा गरज लिहून न्यावी आणि त्या गरजेत बसणाऱ्या दोन-तीन यंत्रांच्या किमतींची तुलना करावी.

जुना लॅपटॉप घेण्यात कमीपणा नाही, पण एक पथ्य पाळावे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाले आहेत आणि विंडोज ११ साठी साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर लागतात, त्यामुळे त्याआधीचे यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी टाळावे.

वॉरंटी घरी येऊन दुरुस्त करणारी आहे की सेवा केंद्रात नेऊन द्यायची, हे बिल करण्याआधी विचारावे; आणि सेवा केंद्र आपल्या गावात आहे का यापेक्षा कॉलेज असलेल्या शहरात आहे का, हे पाहावे, कारण यंत्र तिथेच बंद पडणार आहे. बिल जीएसटीचे असावे आणि त्यावर सीरियल नंबर छापलेला असावा. अपघाती नुकसानीचे संरक्षण वसतिगृहात राहणाऱ्या मुलासाठी घेण्यासारखे असते. पाणी सांडणे आणि पडदा फुटणे साध्या वॉरंटीत येत नाही.

यानंतरची गोष्ट छोटी आहे, पण तिच्यातून होणारा मनस्ताप मोठा असतो. काही दुकानांत यंत्र चालू करून देताना दुकानदाराच्याच ईमेलने खाते उघडले जाते. विंडोज ११ मध्ये डिस्क कुलूपबंद झाली तर ती उघडण्याची बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलुपाची) किल्ली, म्हणजे लांबलचक आकडी संकेत, ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरुवात केली त्यातच साठवलेली असते. ते खाते परक्याचे असेल तर एखाद्या दुरुस्तीनंतर मुलाची सारी कामे अडकून पडतात. लॅपटॉप घरी आणून मुलाने स्वतःच्या ईमेलने सुरू करावा. चोरलेले ऑफिस किंवा ऑटोकॅड दुकानातून टाकून घेऊ नये; ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना आपली सॉफ्टवेअरे वर्षभरासाठी मोफत देते आणि पात्रता असेपर्यंत ते दर वर्षी वाढवून मिळते. असाइनमेंटची प्रत गुगल ड्राइव्हवर जावी अशी सोय पहिल्याच दिवशी करावी. त्याची मोफत १५ जीबी जागा कागदी कामासाठी भरपूर आहे.

घरापासून दूर राहताना

मूल वसतिगृहात जाणार असेल तर जाण्याआधीच्या महिन्यात त्याने स्वतःचे कपडे धुवावेत, वरण-भाताचा कुकर लावावा, रेल्वेचे किंवा एसटीचे आरक्षण स्वतः करावे आणि तापाला कोणती गोळी किती वेळाने घ्यायची हे घरच्या डॉक्टरांकडून स्वतः विचारून घ्यावे. एका फाइलमध्ये रक्तगट, ॲलर्जी, नियमित औषधांची चिठ्ठी आणि आरोग्य विम्याच्या कार्डाची प्रत ठेवावी. विमा कंपनीच्या यादीतले कॉलेजजवळचे रुग्णालय कोणते, हेही त्यावर लिहून द्यावे.

रॅगिंगविषयी मोघम धीर देण्यापेक्षा नेमके सांगावे. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे, आणि देशभरासाठी १८००-१८०-५५२२ ही मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. हा क्रमांक मुलाच्या फोनमध्ये त्याच्यासमोर बसून साठवून द्यावा आणि घरी सांगितले म्हणून कोणी रागावणार नाही, हे तेव्हाच स्पष्ट बोलून घ्यावे. फोनची वेळही आधी ठरवावी. सुरुवातीच्या आठवड्यांत रोज संध्याकाळी पाच मिनिटे बोलणे ठीक आहे. पुढे आठवड्यातून दोनदा पुरते, आणि मेसेजला उत्तर आले नाही म्हणून वर्गमित्रांना फोन लावण्याचा मोह पालकांनी आवरावा.