खेळाडू खरोखर पात्र ठरला आहे का? ऑलिम्पिक पात्रतेची नोंद कशी ठेवावी

ऑलिम्पिकच्या आधीच्या दीड-दोन वर्षांत ‘अमुक खेळाडूने ऑलिम्पिकचे तिकीट पक्के केले’ अशा बातम्या सतत येत राहतात आणि त्यांपैकी काही पुढे फोल ठरतात. बातमीदाराने काही दडवलेले असते असे नाही. बहुतेक वेळा कोटा, म्हणजे त्या प्रकारात खेळाडू उतरवण्याची एक जागा, देशाला मिळालेला असतो आणि मथळ्यात तो खेळाडूच्या नावावर जमा होतो. आपल्या पथकात कोण जाणार याची स्वतः नोंद ठेवू इच्छिणाऱ्याने, मग तो पत्रकार असो, प्रशिक्षक असो वा हौशी चाहता, प्रत्येक बातमीला आधी एकच प्रश्न विचारावा: ही जागा नेमकी कोणाची? त्याचे उत्तर हाती आले की उरलेले काम चिकाटीचे असते, अवघड नसते.

हे उत्तर त्या त्या खेळाच्या पात्रता पद्धतीच्या दस्तऐवजात असते. प्रत्येक खेळाचा आंतरराष्ट्रीय महासंघ तो तयार करतो, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती त्याला मान्यता देते आणि पात्रतेचा काळ सुरू होण्यापूर्वी तो सर्वांसाठी खुला केला जातो. पॅरिस 2024 साठी 32 खेळ, 329 स्पर्धाप्रकार आणि सुमारे 10,500 खेळाडू अशी मर्यादा होती. म्हणजे जागा मोजक्या आणि त्या वाटण्याची रीत खेळागणिक वेगळी. दस्तऐवजाची भाषा रूक्ष असते, म्हणून पहिल्या वाचनात चारच गोष्टी टिपून घ्याव्यात: त्या प्रकारात एकूण किती खेळाडू खेळणार, एका देशाला जास्तीत जास्त किती जागा, कोणत्या तारखांमधली कामगिरी धरली जाणार आणि मिळालेली जागा राष्ट्रीय ऑलिम्पिक समितीला मिळते की खेळाडूला नावानिशी. चौथी गोष्ट बहुतेक जण वाचत नाहीत आणि तिथेच फसगत होते.

नोंदवहीत प्रत्येक नावापुढे तीन टप्प्यांसाठी तीन वेगळे रकाने ठेवावेत: जागा मिळाली, नाव निश्चित झाले, प्रवेशिका दाखल झाली. बातमी आली की ती या तिघांपैकी कोणत्या रकान्यात बसते ते ठरवावे आणि पुढचा रकाना पुरावा मिळेपर्यंत कोराच ठेवावा.

कोटा देशाचा असतो तेव्हा

नेमबाजी हे याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. 2022 मध्ये कैरो येथे झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत रुद्रांक्ष पाटीलने 10 मीटर एअर रायफलमध्ये सुवर्णपदक जिंकून भारताला पॅरिसचा कोटा मिळवून दिला. त्याच स्पर्धेत स्वप्निल कुसाळे 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये चौथा आला आणि त्यानेही कोटा मिळवला. दोन्ही जागा देशाच्या होत्या. 2024 च्या निवड चाचण्यांनंतर पुरुषांच्या एअर रायफलमधून संदीप सिंग आणि अर्जुन बबुता पॅरिसला गेले आणि विश्वविजेता रुद्रांक्ष मागे राहिला; कुसाळेने मात्र चाचण्यांतून आपले स्थान राखले आणि 1 ऑगस्ट 2024 रोजी कांस्यपदक जिंकले. कैरोहून आलेल्या बातम्यांत दोघांच्याही नावापुढे ‘पात्र’ असेच छापले गेले होते. नोंदवहीत मात्र तेव्हा दोघांचाही पहिलाच रकाना भरायला हवा होता, आणि तोही देशाच्या नावाने.

या पद्धतीवर ‘ज्याने कोटा मिळवला त्यालाच पाठवा’ अशी टीका दर वेळी होते. ती भावनेला पटते, पण कोटा मिळवल्यानंतर ऑलिम्पिकपर्यंत दीड वर्षाहून अधिक काळ जात असेल, तर चाचणी घेणे अधिक न्याय्य आहे असे मला वाटते. अट एवढीच की चाचणीचे नियम आधी लेखी जाहीर झालेले असावेत आणि मधेच बदलू नयेत. त्यामुळे राष्ट्रीय महासंघाचे निवड धोरण मिळाल्याबरोबर त्याची प्रत तारखेसह जपून ठेवावी. पुढे वाद उद्भवला तर कोणत्या तारखेला कोणता नियम लागू होता हे सांगणारा तोच कागद उपयोगी पडतो.

कुस्तीतही जागा देशाची असते आणि एका वजनी गटात एका देशाचा एकच मल्ल उतरू शकतो. पॅरिसमध्ये 18 वजनी गट आणि प्रत्येक गटात 16 मल्ल, अशा 288 जागा होत्या. त्यांची वाटणी लक्षात ठेवण्याजोगी आहे: जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतून पाच, चार खंडीय पात्रता स्पर्धांतून प्रत्येकी दोन म्हणजे आठ, आणि अखेरच्या जागतिक पात्रता स्पर्धेतून तीन. अशी वाटणी एकदा लिहून ठेवली की पुढच्या स्पर्धेत किती दारे उघडी आहेत ते तत्काळ कळते. खंडीय स्पर्धेत तिसरा आलेला मल्ल कांस्यपदक जिंकूनही कोट्याविना परततो आणि अंतिम फेरीतला पराभूत मल्ल मात्र कोटा घेऊन जातो. म्हणून कोट्याच्या दृष्टीने त्या दिवशीची सर्वांत महत्त्वाची लढत अंतिम नसून उपांत्य फेरीची असते, आणि मल्लही ती तशीच खेळतात.

सांघिक खेळांत प्रश्न सोपा आहे, कारण तिथे संघच पात्र ठरतो आणि नावे बरीच नंतर येतात. भारताच्या पुरुष हॉकी संघाने ऑक्टोबर 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत जपानला 5-1 ने हरवून थेट प्रवेश मिळवला. महिला संघाला जानेवारी 2024 मध्ये रांचीच्या पात्रता स्पर्धेत अखेरची संधी होती आणि तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत त्याच जपानकडून 0-1 अशी हार पत्करावी लागल्याने ती हुकली. तिथेही नोंद ठेवणाऱ्याने सामन्याआधी किती संघांना जागा आहेत ते पाहिलेले असावे. रांचीत आठ संघ होते आणि जागा तीन.

वेळ, अंतर आणि क्रमवारी

ॲथलेटिक्सची रीत याहून वेगळी आहे आणि तिच्यावर थोडा अधिक वेळ खर्च करणे फायद्याचे ठरते. पॅरिससाठी जागतिक महासंघाने साधारण निम्मे खेळाडू ठरवून दिलेली पात्रता वेळ किंवा अंतर गाठून आणि निम्मे जागतिक क्रमवारीतून यावेत असे उद्दिष्ट ठेवले होते. पुरुषांच्या 100 मीटरसाठी 10.00 सेकंद, भालाफेकीसाठी 85.50 मीटर, 3000 मीटर स्टीपलचेससाठी 8 मिनिटे 15.00 सेकंद असे निकष होते आणि बहुतेक प्रकारांत कामगिरीचा काळ 1 जुलै 2023 ते 30 जून 2024 असा होता. नीरज चोप्राने ऑगस्ट 2023 मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत पात्रता फेरीतच 88.77 मीटर भाला फेकला तेव्हा एका फेकीत दोन कामे झाली: तिथल्या अंतिम फेरीतला प्रवेश आणि ऑलिम्पिकचा निकष. पारुल चौधरीने त्याच स्पर्धेत स्टीपलचेस 9 मिनिटे 15.31 सेकंदांत पूर्ण केली. महिलांचा निकष 9:23.00 होता.

अशी कामगिरी दिसली की लगेच टिक करू नये. स्पर्धा जागतिक महासंघाच्या अधिकृत वेळापत्रकात होती का, वेळ इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने घेतली होती का आणि जिथे वाऱ्याचा संबंध येतो तिथे तो मर्यादेत होता का, हे निकालपत्रात पाहावे. 100 आणि 200 मीटर धावणे, छोट्या अंतराच्या अडथळा शर्यती, लांब उडी आणि तिहेरी उडी यांच्या निकालात वेळ किंवा अंतराशेजारी वाऱ्याचा वेग छापलेला असतो. पाठीमागून वाहणाऱ्या वाऱ्याचा वेग सेकंदाला 2.0 मीटरपर्यंत चालतो, +2.1 असा आकडा दिसला, तर 9.98 सेकंदही निकषासाठी धरले जात नाहीत.

क्रमवारीचा भाग मात्र सतत बदलतो. बहुतेक प्रकारांत खेळाडूच्या सर्वोत्तम पाच कामगिऱ्यांची सरासरी घेतली जाते, लांब पल्ल्याच्या शर्यतींत त्याहून कमी. प्रत्येक कामगिरीचे गुण दोन भागांचे असतात: वेळेचे किंवा अंतराचे गुण आणि त्या स्पर्धेतील स्थानाचे गुण, व दुसरा भाग स्पर्धेच्या दर्जाप्रमाणे वाढतो. म्हणूनच मोठ्या स्पर्धेतला मधला क्रमांक कधी कधी छोट्या स्पर्धेतल्या विजयापेक्षा अधिक फळतो.

यादी प्रत्यक्षात कशी मोजायची ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. एका प्रकारात 32 जागा आहेत आणि निकष गाठलेले 18 खेळाडू आहेत. त्यांपैकी पाच एकाच देशाचे आहेत, पण प्रत्येक देशाला तिघांचीच मुभा असल्याने दोघे गळतात आणि 16 उरतात. आता क्रमवारीतून 16 जणांना जागा आहे. क्रमवारीची यादी वरून खाली वाचत जावे. निकषावर आलेली नावे सोडावीत, ज्या देशाचे तीन खेळाडू आधीच मोजले गेले त्यांची पुढची नावे सोडावीत आणि उरलेल्यांना क्रमांक द्यावा. आपला खेळाडू जागतिक क्रमवारीत 41 वा असूनही या मोजणीत तेरावा निघू शकतो. मात्र काळ संपायला तीन आठवडे असताना तेराव्या स्थानावर निर्धास्त राहता येत नाही, कारण निकष गाठणारा प्रत्येक नवा खेळाडू शेवटची एक जागा खातो. महासंघाच्या संकेतस्थळावर ही गाळणी केलेली यादी तयार मिळते, परंतु एकदा तरी स्वतः मोजून पाहिल्याशिवाय ती का हलते हे कळत नाही.

बॅडमिंटनमध्ये सगळा खेळ क्रमवारीचाच. पॅरिससाठी 1 मे 2023 ते 28 एप्रिल 2024 हा काळ धरला होता आणि एकेरीत एका देशाचे दोन खेळाडू तेव्हाच जाऊ शकत होते, जेव्हा दोघेही पहिल्या 16 मध्ये असत. जलतरणात ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन वेळा असतात. पॅरिसमध्ये पुरुषांच्या 100 मीटर फ्रीस्टाइलसाठी त्या 48.34 आणि 48.58 सेकंद होत्या. पहिली गाठणाऱ्याला प्रवेशाचा हक्क, दुसरी गाठणाऱ्याला जागा उरली तर निमंत्रण. ज्या देशाचा कोणीही पात्र ठरत नाही, त्याला एक पुरुष आणि एक महिला पाठवण्याची सवलत आहे आणि श्रीहरी नटराज व धिनिधी देसिंघू पॅरिसला त्याच वाटेने गेले. अशा प्रवेशापुढे वेगळी खूण करावी. तो कमी मोलाचा असतो म्हणून नव्हे, तर पुढील वेळी त्याच देशाच्या दुसऱ्या जलतरणपटूने ‘ए’ वेळ दिली तर ती वाट बंद होते म्हणून.

देशांतर्गत निवड

वैयक्तिक निकष गाठलेला असला तरी प्रवेशिका पाठवण्याचा अधिकार राष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचाच असतो, हे ऑलिम्पिक सनदेत स्पष्ट आहे. अमेरिकेत ॲथलेटिक्सचा संघ चाचणीतील पहिल्या तिघांतून निवडला जातो. टोकियोत 800 मीटरचे सुवर्ण जिंकलेली अथिंग मू जून 2024 मध्ये युजीन येथील चाचणीच्या अंतिम शर्यतीत पडली, शेवटी आली आणि त्या शर्यतीत विजेतेपद राखण्याची संधीच तिला मिळाली नाही. निकष तिने फार पूर्वी सहज गाठलेला होता. ज्या देशांत निवड समितीच्या मतावर होते, तिथे धोरणातील ‘समितीच्या विवेकानुसार’ असे शब्द असलेली कलमे अधोरेखित करून ठेवावीत, कारण दुसरा रकाना कधी भरायचा ते त्यांच्यावर अवलंबून असते.

आशियाई आणि राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांची नोंद ठेवताना ऑलिम्पिकचा साचा वापरू नये. आशियाई स्पर्धेत अनेक खेळांत देश आपला संघ थेट पाठवतो आणि खरी चाळणी देशातच लागते.

अखेरचे रकाने

पात्रतेचा काळ संपल्यावर देशांना ठरावीक मुदतीत आपल्या जागा वापरणार की नाही ते कळवावे लागते. परत केलेल्या जागा दस्तऐवजातील क्रमाने पुढच्या खेळाडूला मिळतात, म्हणून थोडक्यात हुकलेल्यांची नावे खोडू नयेत. पॅरिससाठी प्रवेशिकांची अंतिम तारीख 8 जुलै 2024 होती. या टप्प्यात दोन गोष्टी पात्र ठरलेल्या नावालाही बाद करतात. एक म्हणजे राष्ट्रीयत्व: आधी दुसऱ्या देशाकडून खेळलेल्याला साधारणपणे तीन वर्षे थांबावे लागते, सूट मिळाली नसेल तर. दुसरी म्हणजे ठावठिकाणा नियम: उत्तेजक चाचणीसाठी नोंदवलेल्या खेळाडूने दररोजचा एक तास आणि ठिकाण आधी कळवायचे असते आणि बारा महिन्यांत तीनदा चूक झाली तर तो उत्तेजकविरोधी नियमांचा भंग ठरतो, नमुना निर्दोष असला तरी.

प्रवेशिका दाखल झाली की तिसरा रकाना भरावा. त्यानंतर बदल होतो तो मुख्यतः दुखापत किंवा आजारामुळे, उशिराच्या बदलीच्या नियमाखाली आणि वैद्यकीय कागदपत्रांसह. सांघिक खेळांत राखीव खेळाडूंची नावे वेगळी लिहून ठेवावीत. पॅरिसच्या हॉकीत मुख्य संघ 16 जणांचा होता आणि राखीव खेळाडू त्याबाहेरचे. शेवटची पडताळणी स्पर्धेआधी निघणाऱ्या अधिकृत प्रारंभ यादीवरून करावी, कारण दाखल झालेले नावही शर्यतीच्या सकाळी मागे घेतले जाऊ शकते.