कारचा रेडिओ बंद पडला? फ्यूज बदलण्याआधी या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात त्र्यंबकेश्वरहून परत येताना सातपूरच्या अलीकडे एक खड्डा लागला आणि माझ्या गाडीचा रेडिओ बंद पडला. रस्त्यालगतच्या गॅरेजमधल्या माणसाने दहा अँपिअरचा उडालेला लाल फ्यूज काढला, त्या जागी वीस अँपिअरचा पिवळा बसवला आणि 'आता उडणार नाही' असे सांगितले. फ्यूज खरोखरच उडाला नाही. मात्र आठवडाभराने डॅशबोर्डमधून प्लॅस्टिक जळल्याचा वास येऊ लागला. सेट बाहेर काढला तेव्हा त्याच्या मागे कोंबलेली वायर लोखंडी पट्टीच्या कडेवर घासून सोलली गेली होती आणि हातभर लांबीपर्यंत तिचे आवरण मऊ पडले होते. लहान फ्यूज उडत होता तो याच कारणामुळे, आणि मोठा फ्यूज बसवून आम्ही ती सूचनाच बंद करून टाकली होती.

म्हणून पहिली आणि सर्वांत धोकादायक चूक म्हणजे जास्त अँपिअरचा फ्यूज बसवणे. फ्यूजचा आकडा वायरची जाडी पाहून ठरवलेला असतो. दहाच्या जागी तीस अँपिअरचा फ्यूज लावला किंवा फ्यूजला चांदीचा कागद गुंडाळला, तर बिघाडाच्या वेळी फ्यूजऐवजी वायर तापते, आणि तीही डॅशबोर्डच्या आत, जिथे आपली नजर पोहोचत नाही. पात्याच्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत : साडेसातचा तपकिरी, दहाचा लाल, पंधराचा निळा, विसाचा पिवळा, पंचविसाचा पारदर्शक आणि तिसाचा हिरवा. तरीही केवळ रंगावर न जाता फ्यूजवरचा आकडा फ्यूजबॉक्सच्या झाकणावरील तक्त्याशी ताडून पाहावा.

उडालेला फ्यूज लगेच फेकून देऊ नये. तो उजेडासमोर धरला की आतली तार कशी तुटली आहे ते दिसते. तार मध्येच वितळून नुसती फट पडली असेल, तर बहुधा भार हळूहळू वाढलेला असतो. आतली बाजू काळवंडली असेल आणि धातूचे शिंतोडे उडालेले दिसत असतील, तर कुठेतरी थेट शॉर्ट झालेला असतो. पुढचा शोध कोणत्या दिशेने घ्यायचा, हे एवढ्या निरीक्षणावरून पुष्कळ अंशी ठरते.

दुसरी चूक म्हणजे एकच फ्यूज पाहून थांबणे. रेडिओला दोन ठिकाणांहून वीज मिळते. एक वायर थेट बॅटरीची असते, जिच्यामुळे सेट वेळ आणि स्टेशने लक्षात ठेवतो. दुसरी किल्ली फिरवल्यावरच चालू होते. बाजारातून घेतलेल्या सेटमध्ये पहिली बहुधा पिवळी, दुसरी लाल आणि अर्थिंगची काळी असते. त्यामुळे डॅशबोर्डखालचा, इंजिनजवळचा आणि सेटच्या पाठीवर असल्यास तोही, असे सगळे फ्यूज तपासावे लागतात. अनेक गाड्यांमध्ये चार्जरच्या सॉकेटचा आणि रेडिओचा फ्यूज एकच असतो, म्हणून सॉकेटमध्ये पडलेले एखादे नाणेही रेडिओ बंद पाडू शकते. सॉकेटची ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि ती सर्वांत आधी करावी.

रेडिओ चालतो, परंतु रोज सकाळी आकाशवाणी नाशिकचे १०१.४ पुन्हा शोधावे लागते, अशी तक्रार असेल तर सेटला दोष देण्याची घाई करू नये. पिवळ्या वायरला सतत वीज मिळत नाही, किंवा सेट बसवताना लाल आणि पिवळी वायर एकमेकींच्या जागी जोडली गेली आहे, अशी शक्यता अधिक असते. काही कंपन्यांच्या मूळ कपलरमध्येच (वायरी सेटला जोडणाऱ्या प्लगमध्येच) या दोन्ही जागा उलट असतात. त्यामुळे रंग पाहून जोडण्यापेक्षा किल्ली बंद ठेवून कोणत्या टोकाला बारा व्होल्ट मिळतात, हे मल्टिमीटरने (व्होल्ट मोजण्याच्या उपकरणाने) पाहावे.

अर्थिंगकडे मात्र जवळजवळ कोणीच पाहत नाही. आवाज वाढवताच सेट बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल, तर काळी वायर रंग दिलेल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर कसली आहे का, ते तपासावे. सेट मोठ्या आवाजात चालू ठेवून काळी वायर आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये व्होल्ट मोजावेत. तिथे शून्याच्या जवळचा आकडा हवा, अर्धा-एक व्होल्ट दिसला तर जोड खराब आहे. बॅटरीही मोजून घ्यावी. गाडी उभी असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण पावणेचौदा ते साडेचौदा व्होल्ट मिळाले पाहिजेत.

सेट बाहेर काढण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. मात्र वीज तुटल्यावर काही मूळ सेट पुन्हा सुरू होताना कोड मागतात, तो आधी शोधून ठेवावा. स्टिअरिंगखाली पिवळ्या आवरणातल्या वायरी किंवा पिवळे कपलर दिसले, तर त्यांना टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर अजिबात लावू नये. ते बहुधा एअरबॅगचे असतात आणि त्यांचा रेडिओच्या पिवळ्या वायरशी काहीही संबंध नसतो.

योग्य आकड्याचा फ्यूज दुसऱ्यांदा उडाला, तर तिसरा लगेच बसवू नये. सेटच्या मागचा कपलर काढावा, त्याची उघडी टोके कुठे टेकणार नाहीत अशी ठेवावीत आणि मगच नवा फ्यूज लावून किल्ली फिरवावी. फ्यूज टिकला तर दोष सेटमध्ये किंवा कपलरच्या पुढच्या जोडणीत आहे. कपलर सुटलेला असतानाही तो उडाला, तर दोष गाडीच्या वायरिंगमध्ये किंवा त्याच फ्यूजवर चालणाऱ्या दुसऱ्या एखाद्या वस्तूत आहे, आणि अशा वेळी तो फ्यूज काढून ठेवून गाडी जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्यावी.