कुंडीतल्या टोमॅटोला पाणी कधी, खत किती

आमच्या गच्चीत सहा टोमॅटो आहेत, रंगाच्या रिकाम्या २० लिटरच्या बादल्यांत, बुडाला सात-आठ भोकं पाडून. याहून फार लहान कुंडी घेऊच नका. आठ इंची कुंडीत झाड येतं हो, पण एप्रिलमध्ये ऑफिसातून घरी येईपर्यंत मान टाकून बसलेलं असतं.

पहिल्या वर्षी मी नुसतं खत खत करत बसलो. पाण्याचं म्हणाल तर गुरुवारी नळ बंद, शुक्रवारी दाब कमी, आणि शनिवारी मला दया येऊन भसाभसा ओतायचं. झालं काय, फळं लिंबाएवढी झाली आणि एकेकाचं बूड काळं पडायला लागलं, चामड्यासारखं. कुणीतरी म्हणालं कॅल्शियम कमी आहे, म्हणून अंड्याची टरफलं चुरून टाकली, तीन महिन्यांनी माती उकरली तर ती तशीच्या तशी. अहो, कॅल्शियम मातीत बहुतेक वेळा असतंच, ते पाण्याबरोबर वर चढतं, मधेच पाणी तुटलं की फळापर्यंत पोचत नाही. आणि कोरड्यावर एकदम भरपूर दिलं की पिकत आलेली फळं तडकतात ती वेगळीच.

म्हणून सकाळी बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं. ओल लागली तर राहू दे, कोरडं लागलं तर बुंध्याशी सावकाश ओतायचं, खालून झिरपेपर्यंत. पानं भिजवू नका, करपा येतो. थंडीत एक दिवसाआड चालून जातं, मार्चपासून रोज, एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी पण. दुपारी पानं मलूल दिसली तर लगेच तांब्या घेऊन धावू नका, ऊन उतरलं की उठतात. सकाळीच मलूल असतील तर मात्र तहान लागलीये. मातीवर दोन इंच पाचट पसरा. मी रसवंतीवाल्याकडची चिपाडं आणली होती, न धुता टाकली आणि आठवडाभर मुंग्यांची जत्रा, तेव्हा धुऊन कडक वाळवून मगच टाका. आणि बुधवारी रात्री दोन बादल्या भरून ठेवायच्या, विसरायचं नाही.

खताचं सोपंय. भरतानाच माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत सारखं घ्या, वर मूठभर निंबोळी पेंड, पहिला महिना त्यावर निघतो. मग दर दहा दिवसांनी एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं, पाण्यात विरघळणारं खत), लिटरभर पाण्याला २ ग्रॅम, म्हणजे चहाचा अर्धा चमचा, तोही सपाट. फुलं दिसली की ते थांबवून त्याच मापानं १३:०:४५ (नत्र कमी, पालाश जास्त) द्या, नाहीतर झाड नुसतं माजतं, पानंच पानं. कोरड्या मातीत कधीच देऊ नका, मुळं भाजतात, आधी साधं पाणी मग खत. शेंगदाणा पेंड भिजवून त्याचं पातळ पाणी पण छान चालतं, फक्त वास असा येतो की खालच्या काकू ड्रेनेज तुंबलं का म्हणून वर आल्या होत्या.

एप्रिलमध्ये पारा ३८ च्या पुढे गेला की फुलं गळतात. तेव्हा डोस वाढवू नका, ते उन्हानं होतं. वर सावलीची हिरवी नेट बांधा.