तलफ आली की चपला घाला

सिगारेट सोडली की तलफ येणारच. पण ती एकदा उठली म्हणजे तासभर छळत नाही. बहुतेक वेळा ५-१० मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाय हलते ठेवायचे.

माझी सोय तलावपाळीची. संध्याकाळी ठाणे स्टेशनबाहेर आलो की हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे जायचा. आता रिक्षाच्या रांगेत उभा राहत नाही (रांगेत कोणी ना कोणी फुंकत असतंच), सरळ मासुंदा तलावाच्या कडेने झपाझप सुटतो. वेग असा, की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. रमतगमत चालण्याचा मला तरी उपयोग झाला नाही. गडकरी रंगायतनपर्यंत पोचेतो कपाळावर घाम येतो आणि डोक्यातली सिगारेट मागे पडलेली असते.

ऑफिसात असाल तर जिन्याने दोन मजले वर-खाली करा. पावसात अडकलात, रात्री घरी असाल, तर बाल्कनीत टाचा उचलून ३०-४० वेळा वर-खाली. शेजारी बघतात, बघू देत.

पहिला आठवडा सगळ्यात जड जातो, त्यातही दुसरा-तिसरा दिवस. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. नुसत्या चालण्याने भागत नसेल तर १८००-११-२३५६ ही सरकारची मोफत तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे.

चहा मी सोडलेला नाही. फक्त टपरीवर न घेता घरी येऊन घेतो.