मासेमारीच्या बोटीसाठी ट्रान्सड्यूसर कसा निवडावा

फिशफाइंडर, म्हणजे पाण्याखालचे मासे आणि तळ पडद्यावर दाखवणारं यंत्र, घेताना बहुतेकांची नजर पडद्याच्या आकारावर असते. पण पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी पकडणारा भाग, म्हणजे ट्रान्सड्यूसर, जेवढं टिपतो तेवढंच पडद्यावर उमटतं. म्हणून आधी दोन गोष्टी लिहून काढा: नेहमी किती खोल पाण्यात मासे धरता, आणि बोट कशाची आहे.

खोलीवरून फ्रीक्वेन्सी ठरते. २०० किलोहर्ट्झचा आवाज बारकावे दाखवतो, पण लवकर विरतो. खाऱ्या पाण्यात तर आणखी लवकर. ५० किलोहर्ट्झचा खोलवर पोचतो, चित्र मात्र ढोबळ येतं. शंभरेक मीटरच्या आत काम असेल तर २०० पुरतो, त्यापलीकडे नेहमी जात असाल तर ५० हवाच. चर्प प्रकारात एका फ्रीक्वेन्सीऐवजी फ्रीक्वेन्सींचा अख्खा पट्टाच सोडला जातो, त्यामुळे एकमेकांना खेटून असलेले मासे वेगवेगळे दिसतात. यंत्र आणि ट्रान्सड्यूसर दोन्ही चर्पचे असले तरच याचा फायदा.

आता शंकू, म्हणजे ट्रान्सड्यूसरमधून खाली पसरत जाणाऱ्या आवाजाचा आकार. ३० मीटर खोलीवर २० अंशांचा शंकू पाण्याच्या तळाचा सुमारे साडेदहा मीटर रुंद पट्टा पाहतो, ४५ अंशांचा जवळपास २५ मीटर. रुंद शंकू नेहमीच चांगला असं मात्र नाही. तळ उतरता असेल तर उंच बाजूचा प्रतिध्वनी आधी परततो आणि सखल बाजूला तळालगत बसलेले मासे त्यातच झाकले जातात. तळाचे मासे धरणाऱ्यांनी अरुंद शंकूच घ्यावा.

सर्वांत जास्त चुका बोटीच्या बांधणीकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतात. लाकडी बोटीला तळातून आरपार बसणारा ब्राँझचा ट्रान्सड्यूसर योग्य. लाकूड फुगलं की प्लास्टिकचा तडकू शकतो. ॲल्युमिनियम किंवा पोलादी बोटीला ब्राँझ अजिबात लावू नका, दोन धातूंमुळे खाऱ्या पाण्यात तळच गंजत जातो. तिथे प्लास्टिक किंवा स्टेनलेस स्टील घ्या. बोटीच्या तळाला उतार असेल तर आवाज सोडणारा आतला घटक तिरपा बसवलेला ट्रान्सड्यूसर किंवा उतार भरून काढणारा ठोकळा लागतो, नाहीतर आवाज सरळ खाली जात नाही.

भोक पाडायचं नसेल तर आतून चिकटवायचा प्रकार आहे, पण तो फक्त भरीव फायबरच्या तळाला चालतो. मध्ये फोम किंवा लाकडाचा थर असेल तर आवाज तिथेच अडतो. चिकटवण्याआधी पाणी भरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीत ट्रान्सड्यूसर ठेवून ती तळाला आतून दाबून धरा. बाहेर पाण्यात धरल्यावर दिसतं जवळपास तसंच चित्र आलं, तर जागा चांगली. चिकटवायला इपॉक्सी वापरा आणि हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नका. सिलिकॉन आवाज शोषून घेतं.

छोट्या बोटीला मागच्या फळीवर बसणारा प्रकार सोपा. पंख्यापासून किमान ३८ सेंटिमीटर दूर, आणि पंख्याची पाती ज्या बाजूला खाली जातात त्या बाजूला लावा. उजवीकडे फिरणाऱ्या पंख्यासाठी ती उजवी बाजू. फायबरच्या बोटीत तो तळाच्या कडेखाली ३ मिलिमीटर आणि ॲल्युमिनियमच्या बोटीत १० मिलिमीटर बाहेर असावा. पुढे तळावर पट्टी, रिव्हेट किंवा पाणी ओढणारं तोंड असेल तर त्यांच्या रेषेत लावू नका: तिथून निघणारे बुडबुडे ट्रान्सड्यूसरखालून जातात आणि वेग वाढताच पडद्यावरची पाण्याच्या तळाची रेषा तुटते. स्क्रूची भोकं मरीन सीलंटने भरा.

घेण्यापूर्वी दोन गोष्टी पडताळा. ट्रान्सड्यूसरची वॅट क्षमता यंत्राच्या शक्तीएवढी तरी असावी. ६०० वॅटच्या ट्रान्सड्यूसरवर १ किलोवॅटचं यंत्र चालवलं तर घटक निकामी होऊ शकतो. आणि प्लगच्या पिना जुळतात का ते पाहा. दोन्ही एकाच कंपनीचे असले तरी पिढी बदलली की पिना बदलतात. वायर लांब पडली म्हणून कापू नका. गुंडाळी करून व्हीएचएफ रेडिओच्या आणि इंजिनाच्या वायरांपासून दूर ठेवा, नाहीतर पडदाभर ठिपके येतात.

शेवाळ धरू नये म्हणून रंग लावायचा असेल तर पाण्यावर आधारित (वॉटर-बेस्ड) प्रकारातलाच, पातळ थर द्या. सॉल्व्हंट असलेला रंग ट्रान्सड्यूसरचं प्लास्टिक खातो.