दुर्मीळ लुओ आडनावाचा माग कसा काढावा

ओटिएनो, ओन्यांगो, ओधिआंबो ही लुओ समाजातली आडनावं केनियात पावलोपावली भेटतात. नैरोबीतल्या एखाद्या वर्गाच्या हजेरीपटावर दोन-तीन ओटिएनो असले तरी कुणाला नवल वाटत नाही. ओबामा, ओडिंगा, म्बोया, न्योङो (अभिनेत्री लुपिटा न्योङो आठवा) यांचं तसं नाही. ही नावं जगाला माहीत झाली ती एकेका घराण्यामुळे. असं कमी आढळणारं एखादं लुओ आडनाव तुमच्यासमोर आलं, पुण्यात शिकायला आलेल्या केनियन मित्राचं असो नाहीतर बातमीतल्या एखाद्या लेखिकेचं, आणि ते आलं कुठून, आणखी कुणाकुणाचं आहे हे शोधावंसं वाटलं, तर त्याची एक रीत आहे.

सुरुवातीलाच आपली एक सवय बाजूला ठेवावी लागते. आपण चिपळूणकर ऐकलं की चिपळूण धरतो, आणि आडनाव जुळलं की भाऊबंदकी कुठे जुळते का ते चाचपतो. लुओ आडनावात बहुधा गावही नसतं आणि कुळही नसतं. ते कुणा एका माणसाचं स्वतःचं नाव असतं. बापाचं, आज्याचं किंवा पणज्याचं. ते कधीतरी मिशनच्या बाप्तिस्मा नोंदवहीत किंवा साहेबाच्या कागदावर शेवटच्या रकान्यात लिहिलं गेलं आणि पुढच्या पिढ्यांना तेच चिकटलं. म्हणून आडनावाचा उगम शोधायचा म्हणजे तो माणूस शोधायचा.

पहिली पायरी: कोणते लुओ, ते पक्कं करा

इंटरनेटवर नुसतं ‘लुओ आडनाव’ टाकलंत तर आधी चीनमधले लुओ समोर येतात. त्यांचा इथे काही संबंध नाही. शोधताना सोबत धोलुओ (ही त्यांची भाषा), किसुमू किंवा सियाया असा एखादा शब्द जोडा.

केनियातले लुओ व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी राहतात. सरोवराला ते नाम लोल्वे म्हणतात. किसुमू, सियाया, होमा बे आणि मिगोरी ही त्यांची मुख्य चार काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग. २०१९च्या जनगणनेत केनियात ५० लाखांहून थोडे अधिक लोकांनी स्वतःला लुओ म्हणून नोंदवलं. सीमेपलीकडे टांझानियाच्या मारा प्रांतातही ते आहेत. युगांडातले आचोली, लांगो, आलुर, जोपाधोला हे त्यांचे भाषेच्या नात्याने चुलते. आजच्या दक्षिण सुदानातून पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणेकडे सरकत आलेली ही माणसं. इतिहासकार बेथवेल ओगोट यांनी वृद्धांच्या तोंडची वंशकथनं जमवून या स्थलांतराचा इतिहास मांडला. केनियात शिरल्यावरचा पहिला मोठा मुक्काम म्हणून गोट रामोगी या टेकडीचं नाव आजही सांगितलं जातं.

हे माहीत असण्याचा उपयोग असा, की काही नावं सगळ्या चुलत्यांत सामाईक आहेत. १९८५मध्ये युगांडाची सत्ता हाती घेतलेले टिटो ओकेलो आचोली होते. ओकेलो नावाचे लोक केनियातही भरपूर आहेत. नुसत्या आडनावावरून त्यांना एकत्र बांधलंत तर पहिल्याच पायरीला शोध घसरला.

दुसरी पायरी: नाव फोडून बघा

धोलुओत मुलाच्या नावाला बहुधा ‘ओ’ आणि मुलीच्या नावाला ‘आ’ लागतो. पुढचा भाग जन्माची वेळ किंवा प्रसंग सांगतो. सकाळी जन्मला तो ओकिन्यी आणि ती आकिन्यी. भर उन्हातला ओचिएङ, संध्याकाळचा ओधिआंबो, रात्रीचा ओटिएनो. पावसात जन्मला तो ओकोथ. सुगीतला ओकेयो, दुष्काळातला ओकेच, टोळधाडीच्या वेळचा ओबोन्यो. जुळ्यांतला पहिला ओपियो, दुसरा ओडोंगो, आणि जुळ्यांनंतरचं भावंड ओकेलो. बाप गेल्यावर जन्मलेला ओचोला. नाळ गळ्याभोवती गुंडाळून आला तो ओविनो.

तुमचं आडनाव यात बसलं तर ते दुर्मीळ नाही, आणि त्याचा एकच एक उगमही नाही. रात्री पोरं सगळ्याच गावांत जन्मतात, त्यामुळे दोन ओटिएनोंचं एकमेकांशी काहीही नातं नसू शकतं. यादीत न बसणारं आडनाव शोधाच्या दृष्टीने सोन्यासारखं. ते पूर्वजाच्या नावावरून आलेलं असू शकतं. मेलेला आजा कुणाच्या स्वप्नात आला, किंवा बाळ रडायचं थांबेना म्हणून एकेक पूर्वजाचं नाव घेतलं आणि एका नावाला ते गप्प झालं, अशा कथा घराघरांत सांगतात. कधी ते टोपणनाव असतं, कधी शेजाऱ्यांकडून आलेलं. रुसिंगा आणि म्फांगानो या बेटांवरचे सुबा लोक मूळचे बांटू भाषक. ते काळाच्या ओघात धोलुओ बोलू लागले, तरी त्यांची काही नावं जुन्या वळणाची राहिली.

‘आ’ने सुरू होणारं आडनाव पुरुषाला असलं तर गोंधळू नका. काही पुरुषी नावंही तशी असतात. शिवाय एकाहून अधिक बायका असलेल्या घरांत एकेक शाखा त्या त्या आईच्या नावाने ओळखली जाई, त्यामुळे ते एखाद्या पणजीचंही असू शकतं.

तिसरी पायरी: पिढ्या उलट्या मोजा

कागदपेन्सिल घ्या आणि त्या माणसाचं पूर्ण नाव, मग बापाचं पूर्ण नाव, मग आज्याचं असं एकाखाली एक लिहा. आडनाव कुठल्या पिढीत ‘स्वतःचं नाव’ म्हणून दिसतं, ती ओळ सापडली की उगम सापडला.

ओबामा घ्या. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा, त्यांचे वडीलही बराक ओबामा. आजोबा हुसेन ओन्यांगो ओबामा. यात हुसेन हे मुसलमान झाल्यावर घेतलेलं, आणि ओन्यांगो हे जन्माचं नाव. ओन्यांगोंच्या वडिलांचं नाव होतं ओबामा. म्हणजे व्हाइट हाउसपर्यंत गेलेलं आडनाव हे एका पणजोबांचं साधं हाक मारायचं नाव, आणि त्या पणजोबांच्याही मागे ओपियो, म्हणजे जुळ्यांतला पहिला. ओन्यांगो आपल्या बापाचं नाव मागे लावत होते, एवढंच. मुलाने तेच पुढे चालवलं म्हणून ते आडनाव झालं. ओन्यांगोंच्या दुसऱ्या एखाद्या मुलाने प्रथेप्रमाणे ‘ओन्यांगो’ लावलं असतं तर सख्खी भावंडं दोन आडनावांची झाली असती, आणि लुओंमध्ये त्यात वावगं काहीच नाही.

ओडिंगांकडे तर साखळीच गोल फिरते. केनियाचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष जारामोगी ओगिंगा ओडिंगा यांच्या वडिलांचं नाव ओडिंगा, आणि त्या ओडिंगांच्या मागे लागणारं नाव रायला. ओगिंगांनी मुलाचं नाव ठेवलं रायला. हेच ते पुढे पंतप्रधान झालेले रायला ओडिंगा, ज्यांचं २०२५च्या ऑक्टोबरमध्ये केरळात उपचार घेताना निधन झालं. एका पिढीचं मागचं नाव दुसऱ्या पिढीत पुढे येतं ते असं. वंशावळ मांडताना ‘रायला’ दोनदा दिसला की चूक समजून एक खोडू नका.

टॉम म्बोयांचं उदाहरण मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे. १९३०मध्ये जन्मलेले हे कामगार नेते आणि मंत्री, मूळ घर रुसिंगा बेटावर. पूर्ण नाव थॉमस जोसेफ ओधिआंबो म्बोया, आणि वडील लिओनार्डस न्दिएगे. आडनाव बापाच्या नावाशी जुळत नाही. असं झालं की शोध थांबवायचा नाही, बापाच्या पलीकडे जायचं.

चौथी पायरी: गाव आणि कुळ वेगळं शोधा

आडनावात कुळ नसतं म्हणजे लुओंना कुळाचं महत्त्व नाही असं मात्र नव्हे. ते किती आहे हे १९८६-८७च्या एका खटल्याने सगळ्या केनियाला दाखवलं. नैरोबीतले नामवंत वकील सिल्व्हानो मेलिया ओटिएनो डिसेंबर १९८६मध्ये वारले. पत्नी वांबुई किकुयू समाजातल्या. त्यांना दफन नैरोबीजवळ हवं होतं. उमिरा कागेर कुळाने आणि ओटिएनोंच्या भावाने सियायातल्या न्यालगुंगा या मूळ गावाचा आग्रह धरला. प्रकरण अपील न्यायालयापर्यंत गेलं, पाच महिने प्रेत शवागारात राहिलं, आणि अखेर मे १९८७मध्ये न्यालगुंगातच दफन झालं. आपल्या कामाचा तपशील असा, की त्या भावाचं नाव होतं जोआश ओचिएङ ओउगो. सख्खे भाऊ, एकाचं आडनाव ओटिएनो, दुसऱ्याचं ओउगो. आणि ज्या कुळासाठी एवढं भांडण झालं ते उमिरा कागेर दोघांच्याही नावात नाही.

कुळाचा माग जागेच्या नावातून लागतो. ‘का’ म्हणजे अमक्याची जागा. राचुओन्योची वस्ती ती काराचुओन्यो, ओगेलोची ती कोगेलो (का आणि ओ मिळून को). तेव्हा तुमच्या दुर्मीळ आडनावाआधी ‘का’ किंवा ‘को’ लावून नकाशावर शोधून बघा. गाव, शाळा, दवाखाना, काहीही त्या नावाचं निघालं तर तिथूनच पुढे जा. ‘जा’ किंवा ‘जो’ लागलं तर तिथला माणूस किंवा तिथली माणसं. जारामोगी म्हणजे रामोगीचा माणूस.

पाचवी पायरी: किती जण आणि कुठे

केनियाची जनगणना समाजांची संख्या छापते, आडनावांची नाही. आडनावांचे जागतिक आकडे देणारी संकेतस्थळं आहेत, पण त्यांचे आकडे अंदाजाचे असतात आणि त्यांना फक्त स्पेलिंग कळतं. ओबामा टाकून पाहा. इक्वेटोरियल गिनीत रिकार्डो मांग्वे ओबामा न्फुबेआ आणि फ्रान्सिस्को पास्कुअल ओबामा आसुए असे दोन पंतप्रधान होऊन गेले. तिथलं हे नाव फांग लोकांचं, लुओंशी त्याचं काही नातं नाही. जपानात तर ओबामा नावाचं शहरच आहे. म्हणून देशवार आकडा बघा, आणि तोही केनिया-टांझानियाबाहेरचा असेल तर सोडून द्या.

खरा खजिना आहे केनिया गॅझेट. हे सरकारी राजपत्र १८९९पासून निघतंय, आणि त्याचे जुने अंक स्कॅन होऊन इंटरनेटवर फुकट वाचता येतात. त्यात तीन ठिकाणी आडनावं सापडतात. पहिलं म्हणजे वारसाहक्काच्या नोटिसा: मयताचं पूर्ण नाव, तो कुठला राहणारा, अर्जदाराचं नाव आणि बहुधा नातं. दुसरं, नाव बदलल्याच्या जाहीर सूचना, ज्यात जुनं आणि नवं नाव शेजारी शेजारी मिळतं. दुर्मीळ आडनाव कुणी मुद्दाम उचललं असेल तर ते इथेच पकडलं जातं. तिसरं ठिकाण मला सगळ्यात आवडतं: निवडणुकीतल्या उमेदवारांच्या याद्या. केनियात १,४५० वॉर्ड आहेत आणि वॉर्डवार उमेदवारांची पूर्ण नावं राजपत्रात छापतात. वॉर्डाला उभा राहणारा माणूस बहुधा तिथलाच असतो. चार लुओ काउंटींच्या याद्या चाळल्यात, तर आडनाव एका खोऱ्यात अडकलेलं आहे की सगळीकडे विखुरलेलं, हे एका बैठकीत कळतं.

त्याखालोखाल वृत्तपत्रांतल्या निधनवार्ता. केनियातली निधनाची जाहिरात म्हणजे छोटी वंशावळच असते: अमक्याचा मुलगा, तमक्याचा भाऊ, बायका, मुलं, जावई, नातवंडं, आणि शेवटी दफन कुठल्या गावी, कुठल्या सब-लोकेशनमध्ये (हा प्रशासनाचा सगळ्यात लहान विभाग). न्यायालयांचे निकालही इंटरनेटवर आहेत, जमिनीच्या वादांत तर तीन-तीन पिढ्या साक्षीत येतात. नैरोबीला जाणं झालंच तर मोई अॅव्हेन्यूवरचं राष्ट्रीय अभिलेखागार बघा. एकेकाळच्या नॅशनल बँक ऑफ इंडियाच्या इमारतीत ते आहे.

शोधताना स्पेलिंगचे सगळे अवतार करून बघायचे. धोलुओतला ‘ङ’ रोमन लिपीत ‘एनजी’ लिहून पुढे एक टिंब वर टांगतात. कारकून ते टिंब गाळतो, संगणक त्याच्या जागी मोकळी जागा सोडतो, आणि एकच घराणं तीन आडनावांत वाटलं जातं. टिंबासह, टिंबाविना आणि जागा सोडून, तिन्ही तऱ्हा टाका. ‘डीएच’ आणि ‘टीएच’ यांचीही अदलाबदल होते.

शेवटी माणसांना विचारा, पण जपून

केनियात आडनावावरून समाज ओळखला जातो, आणि समाज ओळखला की राजकारण. २००७च्या डिसेंबरमधल्या निवडणुकीनंतर उसळलेल्या हिंसाचारात ११००हून अधिक माणसं मेली. त्यामुळे नवख्याने ‘तुमचं आडनाव कुठलं हो?’ असं विचारणं आपल्याला वाटतं तितकं साधं नसतं. ओळख झाल्यावर आधी ‘दाला’, म्हणजे मूळ घर, कुठे ते विचारा. त्यावर माणूस खुलतो. मग आजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आणि ते नाव कुणी, का ठेवलं. घरातल्या थोरल्या पुरुषाला ‘जादुओङ’ म्हणतात, त्याला आठ-दहा पिढ्या तोंडपाठ असू शकतात. आजीला, ‘दानी’ला, नावामागचा प्रसंग जास्त आठवतो, तेव्हा तिला वेगळं विचारा. सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख टिपून ठेवा, दोघांची हकिगत जुळली नाही तर दोन्ही तशाच लिहा. हयात माणसांची नावं इंटरनेटवरच्या वंशवृक्षात त्यांना विचारल्याशिवाय टाकू नका, आणि जमवलेल्या कागदांची एक प्रत त्या घरी पाठवा.